फ्रिजच्या दारावरचे हातमोजे

प्रिय मुक्ता आणि ईशान,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एकेक प्रश्न विचारलात. ईशाननं विचारलं, "आजी, सिनेमात कॅन्सरवाल्यांचे केस जातात, तुझे कसे राहिले?" मी सांगितलं की प्रत्येक औषध वेगळं असतं, माझ्या औषधानं केस नुसते विरळ झाले. हे उत्तर खरं होतं.

मुक्तानं विचारलं, "रेवाताई आता बर्फातल्या उड्यांचे व्हिडिओ का टाकत नाही?" मी म्हटलं, "अगं, पडली ना ती. बर्फ कडक होता." हे उत्तर खरं नव्हतं.

एकतीस वर्षं नाशिकच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. दुसऱ्याच्या वहीतली चूक लाल शाईनं दाखवायला मला कधी जड गेलं नाही. स्वतःची दाखवायला अर्धं वर्ष लागलं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे. तुमच्या बाबाला सांगितलंय, तुमचं वाचून झालं की ज्यांच्या घरी हा आजार आलाय त्यांनाही दे. औषधांची नावं मी लिहिणार नाही, ती डॉक्टर सांगतात. डॉक्टर जे सांगत नाहीत तेवढंच लिहिते.

पोस्टानं आलेलं पाकीट

इथे, आत्याच्या देशात, साठी उलटली की सरकार पोस्टानं एक पाकीट पाठवतं. त्यात एक छोटी नळी असते. आपल्या शौचाचा कणभर नमुना त्यात घालायचा, तारीख लिहायची आणि पाकीट पोस्टात टाकायचं. ईशान, हसून घे. मीही हसले होते. हसले आणि ते पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, कारण मला काही होत नव्हतं. मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते. अशा बाईला काय होणार?

शेवटी तुमच्या वैशालीआत्यानं ते पाकीट ड्रॉवरमधून काढून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. ती इथल्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, तुम्हाला माहीत आहेच. म्हणाली, "आई, आजच्या आज."

मी केलं. पंधरा दिवसांनी फोन आला, मग तपासणी झाली, आणि एप्रिलमधल्या एका मंगळवारी आम्ही दोघी एका लहानशा खोलीत डॉक्टरांसमोर बसलो.

मंगळवार

डॉक्टर तरुण होते. त्यांनी संगणकाकडची खुर्ची वळवून आमच्याकडे केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वैशाली वहीत लिहून घेत होती. तिचं पेन थांबलं. डॉक्टरांचं वाक्य अजून पूर्ण व्हायचं होतं.

मोठ्या आतड्यात गाठ होती. ऑपरेशन करायचं, मग बहुधा सहा महिने केमोथेरपी.

"काही विचारायचंय?" त्यांनी विचारलं.

मला एकच प्रश्न सुचला. "आज दुपारी जेवले तर चालेल का?"

ते हसले नाहीत. "हो, जरूर जेवा," म्हणाले. त्या माणसाचे मी अजून आभार मानते.

पार्किंगमध्ये वैशालीला तिकीट सापडेना. तिनं पर्स उलटी केली, खिसे चाचपले, सीटखाली पाहिलं. तिकीट तिच्या तोंडात होतं, ओठांमध्ये धरलेलं. मी ते काढून घेतलं तेव्हा ती रडली. मी रडले नाही. मला आठवतंय, मी तिला म्हटलं, "नाक पूस, मागे गाड्या थांबल्यात." असं बोलायला नको होतं. पण मला तेवढंच बोलता येत होतं.

हेन्डरसन भागातल्या आमच्या घरी आलो तेव्हा वैशालीच्या रेवानं खिचडी केली होती, खाली लागलेली. रेवा तेव्हा वीस वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तिचे बाबा वेलिंग्टनला असतात. तो वेगळा विषय आहे आणि इथे नको.)

तिनं माझ्याकडे पाहिलं. "इज इट द बॅड वन?"

"हो," मी म्हटलं.

तिनं करपलेली खिचडी माझ्या ताटात वाढली, वर भरपूर तूप घातलं आणि शेजारी बसली. आम्ही तिघींनी ती सगळी खिचडी संपवली.

आवराआवर

ऑपरेशनला तीन आठवडे होते. भीती वाटली की माणसं वेगवेगळं काहीतरी करतात. मी आवरते.

मी कपाटं लावली. कागदपत्रांच्या फायली केल्या, त्यावर नावं घातली. मसाले पाखडले. पडद्यांना टाके घातले. वैशाली म्हणाली, "आई, तू परत येणार आहेस." मी म्हटलं, "परत येईन तेव्हा घर नीट असायला नको?" खरं तर मनात दुसरंच होतं: नाही आले तर मागून कुणी म्हणू नये, म्हातारीनं पसारा ठेवला.

एक दिवस गॅरेजकडे वळले आणि रेवाच्या स्कीची पिशवी उघडली.

रेवाच्या स्की

मुक्ता, तू व्हिडिओत त्या पाहिल्या आहेस. तरी सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे.

साध्या स्की पुढे वळलेल्या असतात आणि मागे सपाट. रेवाच्या दोन्ही टोकांना वर वळलेल्या, कारण ती उलटीही घसरते. डोंगरावर एक वेगळा भाग राखलेला असतो, त्याला नुसतं पार्क म्हणतात. तिथे बर्फाचे उंचवटे केलेले असतात उडी मारायला, आणि लांबलचक लोखंडी पाइप आणि पेट्या रोवलेल्या असतात. मुलं त्या पाइपवर आडवी चढतात आणि घसरत पलीकडे जातात. मला ते बघवत नसे. मी डोळे मिटून "झालं का?" विचारायची.

पहिली चार वर्षं रेवानं कुणाच्या तरी जुन्या, पुरुषांच्या स्की वापरल्या. त्या लांब होत्या, जड आणि ताठ. तिच्या वजनाला त्या वाकतच नसत. मग सुट्ट्यांमध्ये ईस्ट टामाकीच्या एका गोदामात खोकी भरून तिनं या घेतल्या, बायकांच्या, पार्कसाठीच बनवलेल्या. हलक्या, जरा लवचिक, माझ्या कपाळाला लागतील एवढ्या उंच. वर निळी-केशरी नक्षी. घरी आणल्या त्या दिवशी ती त्या हॉलमध्ये आडव्या ठेवून मधोमध दाबत होती. "आजी, बघ, दे बेंड फॉर मी." पंचवीस वेळा दाबून दाखवलं असेल.

त्या हिवाळ्यासाठी (इथे तो जूनमध्ये सुरू होतो) दक्षिणेकडच्या एका डोंगरावर प्रशिक्षणाच्या गटात तिची निवड झाली होती. पूर्ण मोसम, शिक्षकासह. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ती बसणार नव्हती, म्हणजे ही एकच संधी. माझं निदान झालं तसं ती म्हणाली, "मी नाही जात." मी म्हटलं, "तू गेली नाहीस तर मी ऑपरेशनला जाणार नाही." त्या वादात मी जिंकले.

तर मी गॅरेजमध्ये पिशवी उघडली. स्कीच्या दोन्ही बाजूंना खाली पोलादाची बारीक पट्टी असते. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. पार बोथट. गंजाचे दोन ठिपकेही होते.

माझी आई म्हणायची, बोथट विळी दिसली की ओळखावं, घरातल्या बाईचं लक्ष नाही. मी नाशिकहून इथे येताना विळी घेऊन आले, आणि दर दोन-तीन महिन्यांनी अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात तिला धार लावून आणते. शनिवारी लोखंडाला हात लावायचा नाही, तेही आईचंच. आता मला रेवाची पट्टी बोथट दिसली आणि वाटलं, पोरगी माझ्या काळजीत स्वतःच्या हत्यारांकडे बघत नाहीये. जायच्या आधी मी एवढं तरी करून द्यावं.

मी तिला विचारलं नाही. सांगितलंही नाही. आपण केलेलं काम बोलून दाखवू नये, हाही आमच्या घरचा नियम.

रविवार

मे महिन्यात, ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी, रेवा कामावर होती. वैशालीनं मला बाजाराशी सोडलं. चाकांच्या ट्रॉलीत एरवी मेथीच्या जुड्या असतात, त्या दिवशी दोन स्की उभ्या होत्या, बेडशीटमध्ये गुंडाळलेल्या. भाजीवाल्या टोंगन बाईनं विचारलं, "गोइंग टू द स्नो, मामा?" मी ऐटीत "येस" म्हटलं.

धार लावणारा म्हातारा व्हॅनच्या मागच्या दारात बसतो. माझ्या विळीला तो ड्रॅगन म्हणतो.

"ड्रॅगन कुठे आज?"

"आज हे," मी बेडशीट सोडलं.

त्यानं स्की हातात घेतली, कड डोळ्यासमोर धरून पाहिली, टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे माझं काम नाही खरं तर. मुलीनं सांगितलंय का लावायला?"

इथे मी थांबायला हवं होतं. तो मला दार उघडून देत होता.

"तिला वेळ नाही," मी म्हटलं. "पोलादच आहे ना? दोन्ही बाजू, पूर्ण लांबी."

"नक्की, लव्ह?"

"मी शिक्षिका होते," मी म्हटलं. याचा इथे काय संबंध, असं तो म्हणाला नाही. त्यानं चाक बाजूला सारलं, कानस काढली आणि हातानं, अगदी मन लावून, चारही कडा घासून दिल्या. काम उत्तम केलं त्यानं. त्याचा काही दोष नाही.

घरी येऊन मी स्की पुसून पिशवीत घातल्या, चेन लावली, पिशवी होती तशी भिंतीला टेकवली. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

हॉस्पिटलचे दिवस

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाठ निघाली. आजूबाजूच्या काही ग्रंथींमध्ये तिचे कण सापडले, म्हणून केमो ठरली. दर तीन आठवड्यांनी एक दिवस सलाईनमधून औषध, मग चौदा दिवस गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. असं आठ वेळा.

जूनच्या शेवटी रेवा दक्षिणेला गेली. जाताना दारात म्हणाली, "आजी, तू बरी हो हं. नो चीटिंग." त्याच आठवड्यात माझी पहिली केमो झाली.

त्या वॉर्डात साताऱ्याची एक नर्स आहे, शिल्पा. पहिल्या दिवशी तिनं मला तापवलेलं ब्लँकेट पांघरलं. इथे कपाटासारख्या एका यंत्रात ब्लँकेटं गरम करून ठेवतात. कुणाला केमो घ्यावी लागणार असेल तर लक्षात ठेवा, ते ब्लँकेट मागून घ्या. संकोच करू नका. मी दुसरं मागितलं तेव्हा शिल्पा म्हणाली, "आजी, मागा हो. माझ्या सासूबाई तर तिसरंही मागतील."

तिनं एक ताकीदही दिली. "या औषधानं गार काही सोसणार नाही. गार पाणी नको, गार लोखंडाला हात नको. फ्रिजला तर नकोच."

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फ्रिज उघडून दुधाची बाटली धरली. बोटांत शंभर सुया गेल्या. बाटली फरशीवर पडली. वैशाली कामावर गेली होती. मी खुर्चीत बसले आणि दूध ओट्याखाली पसरताना बघत राहिले. पुसायला फडकं ओलं करावं लागणार आणि नळाचं पाणी गार. आजारपणात मी सगळ्यात एकटी कधी होते, असं कुणी विचारलं तर मी ते दूध सांगेन.

दोन आजारी बायका

नऊ दिवसांनी रेवा पडली. पार्कमधल्या पहिल्याच सकाळी, पहिल्याच पाइपवर. गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटला. ती कुबड्यांवर घरी आली तेव्हा तिच्या पिशव्या वैशालीनं गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. त्या कुणी उघडल्या नाहीत.

रेवा रडली नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली. तिसऱ्या दिवशी उठली, स्वयंपाकघरात मला दुधासाठी फ्रिजसमोर उभी असलेली पाहिलं, आणि कुबड्या टेकत परत गेली. आली ती स्वतःचे स्कीचे हातमोजे घेऊन, जाड, केशरी. फ्रिजच्या दाराला एक हूक चिकटवला आणि त्यावर ते अडकवले.

"हे घालून उघडायचं. ओके?"

"आणि तुला?"

"मला आता कुठे लागणारेत?"

पुढचे सगळे महिने ते मोजे तिथेच होते. ते घालून मी दूध काढलं, दही काढलं, कोथिंबीर निवडायचा प्रयत्नही केला. रेवा हसायची. "आजी, यू लुक लाइक अ गोलकीपर." वैशाली कामावर गेली की आम्ही दोघी एका सोफ्यावर बसायचो, तिचा पाय उशीवर, माझे हात पांघरुणात. ती माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायची, मी तिचे व्यायाम मोजायचे. पहिल्या महिन्यात मी आजारपणातही सुखी होते, हे लिहायला लाज वाटते, पण होते.

मग एका दुपारी, जुलै संपता संपता, मी विचारलं, "तू नक्की पडलीस कशी गं?"

तिनं टेबलावरची फूटपट्टी आणि लाटणं घेतलं. लाटण्यावर पट्टी आडवी ठेवून सरकवून दाखवली. "हे रेल, तो पाइप. ही स्की. पार्क स्कीच्या कडा बोथट ठेवायच्या असतात. नवीन घेतली की पहिलं काम तेच, कानशीनं धार मारून टाकायची. धार असली की लोखंडात अडकते आणि माणूस फेकला जातो." तिनं पट्टी उडवली. ती माझ्या मांडीवर पडली. "पण माझ्या कडा बोथटच होत्या, मी स्वतः केलेल्या. त्या दिवशी स्की चावल्यासारखी वाटत होती, पण मला वाटलं सकाळचा बर्फ आहे. सो इट वॉज मी. मी घाबरले असणार."

"कशाला?"

तिनं लाटणं परत टेबलावर ठेवलं. "तुझा विचार येत होता," म्हणाली. "आय थिंक आय जस्ट लॉस्ट इट."

माझ्या हातात चहा होता. मी तो संपवला. कप धुतला, कोमट पाण्यानं. पुसून जागेवर ठेवला. आणि काही बोलले नाही.

जुलै ते ऑक्टोबर

का बोलले नाही, ते प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या दिवशी धक्क्यानं. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज सांगते. मग ती माझ्यासाठी मऊ भात करून आली. मग पुढची केमो झाली आणि मी चार दिवस उठू शकले नाही. ती बादली घेऊन बसायची, एक पाय सरळ ठेवून. ज्या मुलीचं मी असं केलं तिच्याकडूनच मी सेवा घेत होते. सांगितलं तर ती उठून जाईल, ही भीती होती. आजारी माणूस फार स्वार्थी होतं. कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि तिकडे रेवा बारीक बारीक होत चालली. डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्यानंतर वर्षभरात पुन्हा खेळता येईल. पण ती मैत्रिणींचे फोन उचलेना. म्हणायची, "गुडघा बरा होईल गं. डोक्याचं काय? मला माझ्यावर भरवसाच नाही उरला." तिनं त्या गटाच्या शिक्षकांना लिहून कळवलं, मी या खेळासाठी नाही.

हे मला थांबवता येत होतं. एका वाक्यात. रोज येत होतं.

ऑक्टोबरमध्ये ती म्हणाली, "मी स्की विकतेय. हॅमिल्टनची एक मुलगी येणारे रविवारी न्यायला. सोळा वर्षांची आहे. तिच्याही पहिल्याच बायकांच्या स्की."

त्यानंतर मला गप्प राहणं शक्य नव्हतं. त्या कडांवर आता आणखी एक गुडघा जाणार होता.

खंडेनवमी

त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, तुम्ही वह्या-पुस्तकं ठेवता. इथे मी दरवर्षी पाटावर मांडते: विळी, वैशालीचा गोळ्या मोजायचा ट्रे, माझं लाल पेन. आणि गेली काही वर्षं रेवाच्या स्की, ती डोंगरावरून परत आलेली असली तर.

सकाळी वैशाली कामावर गेल्यावर मी म्हटलं, "रेवा, तुझ्या स्की आण."

"आजी, विकल्यात त्या ऑलमोस्ट."

"अजून घरात आहेत ना? आण."

एव्हाना ती कुबड्यांशिवाय चालत होती. तिनं पिशवी आणली, भिंतीला स्की उभ्या केल्या. मी विळीला हळदकुंकू लावलं, ट्रेला लावलं, पेनाला लावलं. स्कीजवळ आले आणि हात थांबला.

"रेवा, कडेवर नख घास."

"का?"

"घास."

तिनं अंगठ्याचं नख कडेवरून ओढलं. नखाचा पांढरा भुगा निघाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा ओढलं. मग खाली बसून मधला भाग पाहिला, जिथे पाय येतो तो.

"हे मी नाही केलं," ती म्हणाली.

"मी केलं. अवोन्डेलला नेऊन. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी."

"तू माझ्या स्की विळीवाल्याकडे नेल्यास?"

"हो."

ती हसली. खरंच हसली, एकदाच, मोठ्यानं. मग तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे मी घाबरले नव्हते."

"नाही."

"तुला कधी कळलं?"

"तू फूटपट्टी घेऊन दाखवलंस तेव्हा."

"जुलै?" तिनं बोटांवर मोजलं. "ऑगस्ट, सप्टेंबर. आजी, मी त्यांना लेटर लिहिलं. तू शेजारी बसली होतीस. यू फिक्स्ड माय स्पेलिंग."

हे खरं होतं. त्या पत्रातल्या दोन चुका मी सुधारल्या होत्या.

ती स्की उचलून गॅरेजमध्ये गेली. मी पाटासमोर बसून राहिले. विळीवरचं कुंकू ओलं होतं.

गप्प

हॅमिल्टनच्या मुलीला तिनं 'स्की विकायच्या नाहीत' असं कळवलं. माझ्याशी ती बोलेना. मला केमोला न्यायची-आणायची त्या वेळची पाळी तिची होती, ती तिनं चुकवली नाही. गाडीत एवढंच: "बेल्ट." "उतर, सांभाळून."

वॉर्डात शिल्पानं सलाईन लावताना दोघींकडे पाहिलं. "काय हो आजी, आज जोडी गप्प? टीव्हीच्या रिमोटवरून वाजलं का?"

"माझी चूक आहे," मी म्हटलं.

"मग सॉरी म्हणा."

"म्हटलं."

शिल्पा ब्लँकेट आणायला गेली. दोन आणली, एक मला, एक रेवाला.

घरी वैशालीलाही मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग सिंक घासायला लागली. पाठमोरी म्हणाली, "आई, तू कधीच विचारत नाहीस. मला पण नाही विचारायचीस. फक्त करून टाकायचीस, आणि आम्ही थँक यू म्हणायचं." मला वाटलं होतं ती मला समजून घेईल. तिनं समजून घेतलंच, माझ्यापेक्षा जास्त.

रोज सकाळी मी स्वयंपाकघरात यायचे तेव्हा वाटायचं, आज ते मोजे हुकावर नसतील. रोज असायचे. कधी धुतलेले, कधी उन्हात वाळवून परत टांगलेले. रेवा बोलत नव्हती, पण मोजे वाळवत होती. माझ्या आजारातली ही सगळ्यात मोठी दया. मला ती कुणाला नीट समजावून सांगता येत नाही.

शेवटची केमो, आणि नंतर

आठवी केमो नोव्हेंबरच्या शेवटी झाली. पुढच्या महिन्यात रेवाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझे स्कॅन आता दर काही महिन्यांनी होतील. पहिला स्वच्छ आहे. पुढचा काय असेल ते मी ठरवू शकत नाही, आणि ठरवत बसायचं नाही हे मी शिकते आहे. हातापायांची बोटं मात्र बधिर झाली ती तशीच आहेत. डॉक्टर म्हणतात, काहींची परत येतात, काहींची नाही. शर्टाचं बटण मला आता लावता येत नाही. सुई तर दूरच.

खरं कारण कळवून रेवानं परत घ्या म्हणून दुसरं पत्र लिहिलं होतं, त्याला शिक्षकांनी उत्तर दिलं. चांगलं होतं, पण नाही. जागा भरली होती आणि वय सरलं होतं. ती संधी गेली, मुक्ता. ती मी घालवली. ती पुन्हा पार्कमध्ये जाईल की नाही, तिलाच अजून माहीत नाही. तू विचारलंस त्याचं हे खरं उत्तर.

गेल्या आठवड्यात एका दुपारी तिनं गॅरेजमधून हाक मारली. "आजी, जरा ये. मोजे घालून."

तिनं दोन खुर्च्यांवर एक स्की आडवी ठेवली होती आणि हातात कानस होती. मी एक टोक धरलं. ती मधला भाग घासू लागली. पोलादाचा बारीक कीस फरशीवर पडत होता. धार लावतानाही असाच पडतो.

मान वर न करता ती म्हणाली, "मी तेव्हा चेक करायला हवं होतं. सगळे करतात. सो मेमधलं अर्धं माझं."

मी काही बोलायला गेले.

"थांब," ती म्हणाली. "जुलै सगळा तुझा."

"हो," मी म्हटलं. "सगळा माझा."

तिनं मान हलवली आणि पुन्हा घासायला लागली. एक बाजू झाली, दुसरी झाली. मग माझ्या उजव्या हाताचा मोजा ओढून काढला, माझं बोट धरलं आणि कडेवरून हळूच फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बघ. आता बरोबर आहे. कळतंय?"

मला काहीच कळत नव्हतं. त्या बोटाला आता धार काय आणि बोथट काय, सगळं सारखं. पूर्वीची मी असते तर चष्मा लावून स्वतः तपासलं असतं.

"तू म्हणतेस ना बरोबर आहे?" मी विचारलं.

"हो."

"मग आहे," मी म्हटलं, आणि दुसरी स्की तिच्यासमोर धरली.

तुमची,
आजी